जांभळं मीठ

सुलतानपूर, धुळवड, सन १९३७

आणि वरून अडाणी मीच. होय रे बापा, आहे मी अडाणी. दुसरीच्या बुकापुढं माह्या हाती बुक आलं नाही, अन् ते दुसरीचंही तुह्यंच होतं. तू पाटीवर गिरवायचा अन् मी चुलीपुढच्या राखेत. पण अडाणी बाईलेही पत्र टाकता येते. मी टाकून राह्यली. तू नागपुरात कॉलेजातल्या पोरांले शिकवतो, दौत-टाक तुह्या टेबलावर, अन् सख्ख्या बहिणीले दोन ओळी लिहिणं तुह्याच्यानं होत नाही. संक्रांतीले गेला तो गेला. काल होळी झाली, गल्लीत ज्याचं त्याचं माणूस घरी आलं. माह्यं माणूस मिठाच्या एका खड्यापायी रुसून बसलं. सासूबाईनं तुह्या वाटणीची पुरणपोळी झाकून ठेवली होती. आज सकाळी कुत्र्याले घातली. पोळी म्हणते मी. सासूबाई बरी आहे.

इंदर, आपण एकदा सरळ बोलून घेऊ.

पहिलं. संक्रांतीले तू नागपूरहून आणलेला डबा उघडला तेव्हा आत काळ्या फडक्यात तीन खडे होते. एक पिवळा, काकवीसारखा. एक निळा. अन् एक जांभळा, सगळ्यात मोठा, पिकल्या जांभळाची साल उन्हात धरावी तसा. म्हणाला, आक्का, हे मीठ आहे. मले वाटलं थट्टा करून राह्यला. मंग म्हणाला, हात पुढं कर. मी म्हटलं, मीठ असलं तर हाती देऊ नको, खाली ठेव, मी उचलते. हातोहात मीठ दिलं की भांडण होते, हे लहान लेकराले कळते. तू हसला. हे खायचं मीठ नाही म्हणाला, अन् ठेवला माह्या तळहातावर. आता सांग, भांडण झालं का नाही झालं? तुह्या मोठ्या प्रोफेसराले विचार.

दुसरं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बाया येतात हे काय तुले माहीत नव्हतं? डबा ओसरीवर उघडा कोणी ठेवला? तूच. एकेकीले उजेडात धरून दाखवत होता, वाणाच्या सामानासारखा. बांगड्या भरणारी ताहेरा आली, तिनं खडा डोळ्यापाशी नेला अन् म्हणाली, “गोजरबाई, ऐसा जामुनी तो काच में बी नै उतरता.” मंग खड्यावरची नजर काढली ती तुह्यावर ठेवली. म्हणाली, भाई बडा हुशार है. चांगल्या मनानं म्हणाली, ताहेराच्या पोटात पाप नाही. पण ओसरीभर बाया, अन् सगळ्यांचे डोळे आधी खड्यावर अन् मंग तुह्या तोंडावर. तोंड तरी केवढं उरलं होतं? नुसती हाडं. खानावळीत तुले काय घालतात ते देवाले माहीत.

तिसरं काहीतरी होतं. हां, ताप. दिवेलागणीले तुले ताप भरला. तू न जेवता गोधडी घेऊन पडला. सासूबाई म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरून टाक. अन् तिची सासू सांगायची म्हणे, ज्या वस्तूवर नजर बसली तीच उतरून जाळली तर नजर मुळासकट जाते. मी मोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, अन् मीठ म्हणून डब्यातला जांभळा खडा घेतला. तूच सांगतलं होतं ना, मीठ आहे? तुह्यावरून उतरवला अन् टाकला चुलीत. असा तडतडला की मांजर पळालं.

सकाळी तुह्या अंगाले ताप नव्हता. ते तू मोजत नाही. तुले एवढंच दिसते की खडा गेला, तो कराले सारा हिवाळा गेला होता, अन् तो मोठ्या साहेबाले दाखवायचा होता. हे मले आदल्या दिवशी सांगतलं असतं तर मी पिवळा टाकला असता.

तू डबा तसाच टाकून निघाला, अन् निघताना उंबऱ्यात जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. सासूबाईनं ऐकलं आहे, तिले विचार.

म्हैस व्याली. पारडू आहे. तुह्ये भाऊजी आशीर्वाद सांगतात. कार्ड टाक.

गोजर

सुलतानपूर, पाडवा होऊन गेल्यावर

तुह्यं कार्ड पोचलं. राग नाही, काम फार आहे, उरलेले दोन खडे काळ्या फडक्यात गुंडाळून पार्सलानं लवकर पाठव. म्हणजे कार्ड मले नव्हतं, खड्यांले होतं. आक्का कशी आहे, तिच्या गुडघ्याचं काय, काही नाही.

अन् लवकर काऊन पाहिजेत, ते तू लिहिलं नाही. ते मले बाजारात कळलं. मी मिरच्या घेऊन राह्यली होती. शाळेतले उत्तमराव मास्तर नागपूरहून आले होते. मिरचीवालीसमोर, तेलिणीसमोर म्हणाले, गोजरबाई, पेढे पाहिजेत, तुमचा इंद्रभान अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली की बोटीनं जर्मनीले चालला, शिकाले, तीन वर्षं. अन् माह्याकडं पाहात राह्यले. मी म्हटलं, हाव मास्तर, माहीत आहे मले, त्यानं आधी मलेच लिहिलं. अन् मिरच्या न तोलता घरी आली. मिरचीवाली मागून हाका मारून राह्यली होती.

तीन वर्षं, इंदर. सासूबाई तेवढी राहीन का? मी म्हणत नाही, ती म्हणते.

खडे मी पाठवत नाही. पार्सलात फुटले तर पुन्हा मीच अडाणी. पाहिजेत तर ये अन् घेऊन जा. ज्वारीच्या कणगीत डबा पुरून ठेवला आहे. उजेडात ठेवलं की रंग उडते म्हणाला होता, म्हणून मी त्याले दिवा दाखवला नाही. ताहेरा परवा म्हणाली, एक बार दिखा दे. म्हटलं, नाही, आता कोणालेच नाही. तिले वाईट वाटलं. तिच्या लेकीच्या, शाहजादीच्या लग्नाले जाऊन मी भरपाई करीन.

पण कणगीतून दाणे काढाले गेली की मी हात घालून डबा चाचपते. मंग तू संक्रांतीच्या दुपारी जेवताना सांगतलं ते आठवते. तुले वाटत असंल आक्काच्या डोक्यावरून गेलं. घे, लिहूनच दाखवते.

तू म्हणाला, समज एक विहीर आहे, त्यात एक लहानसा कण पडला, बाहेर निघाले त्याचा जोर पुरत नाही. मी म्हटलं, वासरू पडते तसं. तू म्हणाला, तसंच, पण वासरू थकलं की तळाशी बसते, हे बसत नाही. अगदी तळालेही याची तगमग चालूच. अन् विहीर जितकी अरुंद तितकी तगमग जास्त. तुह्ये भाऊजी म्हणाले, अरुंद घरात तगमग होते हे शिकाले नागपूरले काऊन जा लागते, अन् सासूबाईकडं पाह्यलं. तिले ऐकू गेलं नाही. बरं झालं.

मंग तू म्हणाला, त्या विहिरीले न दिसणाऱ्या पायऱ्या आहेत. कण या पायरीवर राहीन नाहीतर त्या पायरीवर, मधात कुठं उभं राहणं नाही. मी म्हटलं, मंग विहीर काऊन म्हणतो, बारव म्हण. तुह्या हातातला घास तसाच राह्यला. म्हणाला, आक्का, मी पोरांले आता हेच सांगणार. अन् पायऱ्या कशा, तर खालच्या बुटक्या अन् वर जावं तशा उंच उंच. मी विचारलं, कोण्या गवंड्यानं बांधली ही बारव? वरच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसानं कशा चढाव्या? तू म्हणाला, तिथं म्हातारी माणसं जात नाहीत.

अन् रंगाचंही ध्यानात आहे. उजेड पडला की कण त्यातला आपल्या मापाचा रंग गिळते अन् त्याच्या जोरावर वरच्या पायरीवर जाते. जो गिळला तो आपल्याले दिसत नाही, उरलेला दिसते. कणाचं घर, म्हणजे ती विहीर, लहान असली तर पायऱ्या उंच, तिथं जोराचा निळा उजेड खर्ची पडते, म्हणून तो खडा पिवळा. त्याहून मोठं घर, तो जांभळा. सगळ्यात मोठं घर, तो निळा. तिन्ही मिठं भावकीतली, अन् आतला कण तिन्हीत तोच. फरक घराचा. बरोबर का नाही? आता म्हण अडाणी.

तुह्यं एक मले तेव्हाही पटलं नव्हतं. भिंत पातळ असली तर कण न चढता, न फोडता पलीकडं निघून जाते. सासूबाई म्हणाली, हे तर भामट्याचं काम. मी काही म्हटलं नव्हतं. आता म्हणते. तू तसाच निघाला.

आखाजी तोंडावर आली. ज्याच्या त्याच्या बहिणीले भाऊ न्याले येईन. आपला बाप गेला, दादा गेले, धाड गावचं घर दुसऱ्याचं झालं, तेव्हा तू सात वर्षांचा होता. आखाजीच्या सकाळी डोक्यावर तुह्या भाऊजीचं पागोटं घालून दारात उभा राह्यला अन् म्हणाला, “आक्का, तुले माहेरी न्याले आलो.” मी विचारलं, कोणत्या माहेरी रे? तू म्हणाला, चाल तर खरं. मंग आपण गाडीत बसून लोणारले गेलो, गोमुखाच्या धारेखाली पाय धुतले, वर झाडाखाली बसून सांजोऱ्या खाल्ल्या. तू तळ्याच्या काठचं मिठाचे पापुद्रे खरडून खिसे भरले अन् सदऱ्याले भोकं पाडून घेतली. तेव्हापासून दरसाल. मले तर तेच माहेर. दुपारभर कोणी हाक मारत नाही, आणखी काय असते माहेरात?

खडे इथंच आहेत. ये.

गोजर

सुलतानपूर, हनुमान जयंती उलटल्यावर

तुह्यं पत्र मोठं होतं. दोनदा वाचलं. रागाचं आहे, पण पत्र आहे.

तू लिहिलं, आता नवे खडे कराले दिवस उरले नाहीत, औषधंही संपली. जर्मनीतल्या साहेबानं तुले बोलावलं ते याच कामापायी, अन् रिकाम्या हातानं गेला तर तो तुले बाटल्या धुवाले बसवीन. अन् बोट सुटाच्या आधी मुंबईत कागदपत्रांचं काम आहे, म्हणून सुलतानपूरले याले जमेल असं वाटत नाही. आक्का, हट्ट सोड, असं शेवटी लिहिलं.

मी पत्र घेऊन ओट्यावर बसली. तुह्ये भाऊजी बैलाले पाणी दाखवून आले. त्यांले वाचून दाखवलं. ते नळीनं चुलीत फुंकर मारत राह्यले, चहा त्यांनीच ठेवला होता. मंग म्हणाले, “गोजर, खडे धरून माणूस येत नसते.”

मी म्हटलं, मंग कशानं येते?

ते म्हणाले, “यायचं असलं तर येते.”

एवढं म्हणून चहा गाळला. तुह्या भाऊजीचं असंच. वर्षातून एकदा बोलतात अन् मंग आपण काही बोलाची सोय ठेवत नाहीत.

तर सोडला हट्ट. डबा उत्तमराव मास्तरापाशी दिला. ते आपल्या पोराले घेऊन पुन्हा नागपूरले येऊन राह्यले, हे पत्र त्यांच्याच हाती आहे. मास्तरानं हात पुढं केला. मी डबा जमिनीवर ठेवला अन् म्हटलं, उचला. ते म्हणाले, हे काय? म्हटलं, आत मीठ आहे, मास्तर, अन् मले तुमच्याशी भांडायचं नाही. पिवळा अन् निळा काळ्या फडक्यात आहेत. भोवती कापूस घातला आहे, घरचा, सरकी काढून.

कोपऱ्यात कागदाच्या पुडीत आणखी एक तुकडा आहे. तो जांभळा. दुसऱ्या दिवशी राख उकरून काढला होता, तुले सांगतलं नाही, तू ऐकाच्या स्थितीत नव्हता. पांढरा झाला अन् एका अंगानं तडकला. जिभेले लावून पाह्यला, कडू आहे. तापवलं की आतला कण निघून जाते, जागा तिथंच राहते, असं तू म्हणाला होता. मंग त्याले पुन्हा रंग चढवता येते का ते तूच पाहा. ते मले येत नाही.

आता एक लिहिते. जेवताना सांगतलेलं सगळं मी मागच्या पत्रात लिहून दाखवलं, पण एक गाळलं. सासूबाईनं विचारलं होतं, मिठात विहीर आली कुठून? तू म्हणाला, मिठाचे दाणे ओळीनं बसलेले असतात, बाजारातल्या दुकानांसारखे. त्यातला एखादा दाणा निघून जाते. जागा रिकामी पडते. ती रिकामी जागा, तीच विहीर. कुठूनतरी हिंडत एक परका कण येते, दाण्याच्या मानानं काहीच नाही एवढा लहान, अन् तिथं बसते. गेलेला दाणा तो नव्हे. पण रंग येते तो त्याच्यानं. नाहीतर मीठ पांढरंच, असं म्हणून तू पापड मागितला. मी आत गेली. तुले वाटलं पापड आणाले गेली.

गावाले हे माहीत आहे, तुलेही कोणी ना कोणी सांगतलं असंल. मी कधी सांगतलं नाही. माय तुह्या बाळंतपणात गेली तेव्हा माह्या लेकराले जाऊन महिना झाला नव्हता. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. दादा तुले धाडहून गाडीत घालून घेऊन आले. इथं ओसरीवर उभे राह्यले, रडून राह्यले होते अन् तुले माह्या हाती देऊ पाहात होते. माह्या छातीत दूध होतं, अन् मले कोणाचं लेकरू डोळ्यापुढं नको होतं. मी हात पुढं केले नाहीत. सासूबाई म्हणाली, “हाती देऊ नका, व्याही. खाली ठेवा. तिच्या मनानं तिले उचलू द्या.” दादांनी तुले गोधडीवर ठेवलं. तू रडत नव्हता. नुसते हातपाय हलवून राह्यला होता, थांबत म्हणून नव्हता. मी बराच वेळ पाहात राह्यली. मंग उचललं.

बस. एवढंच आहे ते.

तू उंबऱ्यात म्हणाला होता, “तू बहीण आहेस, माय नाहीस. माह्यावरून काही उतरून टाकाचा तुले हक्क नाही.” मी ते लिहिणार नव्हती. खरं आहे ते. मी माय नव्हे अन् तू माहा लेक नव्हे. गेलेला दाणा तो नव्हे, हे तर तूच सांगतलं. पण मंग रंगाचं काय?

त्याचं उत्तर मागत नाही. तुह्या साहेबालेही येणार नाही.

तिकडं थंडी फार पडते म्हणतात. लोकरीचं काही इथं मिळत नाही, तुह्या भाऊजीचं घोंगडं तेवढं आहे, नवं, एकच पावसाळा पाह्यलेलं. ते मास्तरापाशी दिलं नाही. ते इथंच खुंटीवर आहे. सासूबाई म्हणते, घोंगडं धरून तरी माणूस येते का पाहू. म्हातारीले रात्रंदिवस थट्टा सुचते.

तर इंदर, खडे तुह्यापाशी आले. आता इथं तुह्यं अडलेलं असं काही नाही. तुले बांधून ठेवीन अशी एकही वस्तू मी घरात ठेवली नाही, घोंगड्याचं सोडून दे. म्हणून आता विचारते, आधी विचारता येत नव्हतं. आखाजीले मले माहेरी न्याले येतो का? लोणारले जाऊ, सांजोऱ्या खाऊ, सांजेपर्यंत परत. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं तू मेहकर, अकोला, मुंबई, जर्मनी, पाहिजे तिकडं जा. उंबऱ्यात मी काही उतरून टाकणार नाही. टाकलंच तर आपलं खायचं मीठ, डोळ्यादेखत.

आखाजी गुरुवारी आहे. टपालवाला आता सोमवारीच येते, मधात येत नाही. सोमवारच्या टपालात तुह्यं कार्ड पाहिजे. सांजोऱ्यांचा रवा भिजवायचा का नाही तेवढं मले कळलं पाहिजे. हो का नाही, एकच शब्द लिही. तेवढा मले वाचता येते, तूच शिकवला.

गोजर